पाचवा म्हणून उभा राहू नकोस

कोगनोळी, सौंदलगा, हंचनाळ, मत्तिवडे, सुळगाव आणि दूधगंगेच्या पलीकडचं कागल, करनूर. या गावांतल्या ज्या पोरांच्या गाडीच्या डिकीत आत्ता दांडकं किंवा लोखंडी रॉड पडलेला आहे, त्यांच्यासाठी हा मजकूर आहे. ज्यांच्या फोनवर ‘पाय ठेवून दाखवा’ असली स्टेटसं झळकतायत, त्यांच्यासाठी आहे. आणि एका फोनवर ही पोरं गोळा करून टोलनाक्यावर, स्टँडसमोर, यात्रेच्या मैदानात आणून उभी करणाऱ्यांसाठी तर नक्कीच आहे. मी या भागात फौजदारी वकिली करतो. कोर्टाच्या पायरीवर तुमच्या आया बसलेल्या बघतो. त्यामुळे हे सल्ला म्हणून वाचू नका. हा इशारा आहे, आणि त्याला मुदत आहे: येत्या ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळपर्यंत.

ती तारीख का, हे इथं कुणाला सांगायला नको. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली आणि आपला हा पट्टा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून त्या दिवशी एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि दुसरीकडे काळा दिवस पाळला जातो. काळा दिवस पाळायला माझा विरोध नाही. निषेध हा आपला हक्क आहे आणि तो सोडायचं मी कुणाला सांगणार नाही. पण त्या दिवसाच्या आगेमागे आणि बेळगावातल्या कर्नाटक विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या तोंडावर कोगनोळीच्या नाक्यावर दरवर्षी जी धग वाढते, तिच्यात कोण होरपळतं हे मी बघतोय.

पहिली गैरसमजूत. ‘मारामारीच तर झाली, काय होतंय? दोन दिवस पोलीस ठाणं, मग पंच बसतील आणि मिटेल.’ हे तुमच्या आजोबांच्या काळात खरं वाटत असेल. सार्वजनिक जागी दोघा-तिघांनी एकमेकांशी मारामारी करून शांतता बिघडवली, तर तो आज भारतीय न्याय संहितेच्या कलम १९४ खाली गुन्हा आहे. शिक्षा एक महिन्यापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इंग्रजांनी १८६० साली केलेल्या दंडसंहितेत हा दंड शंभर रुपये होता आणि १ जुलै २०२४ ला नवी संहिता लागू होईपर्यंत तो शंभरच राहिला. या शंभर रुपयांनीच आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांना फसवलं. दंड किरकोळ म्हणून गुन्हाही किरकोळ, असं गृहीत धरलं गेलं. पण हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटाशिवाय अटक करू शकतात. आणि यात ‘त्यानं आधी मारलं’ या बोलण्याला फारसा अर्थ उरत नाही, कारण गुन्हा मारामारीचा आहे आणि मारामारी दोन्ही बाजूंनी झाली की आरोपीही दोन्ही बाजूंचे होतात. जो फक्त मार खात होता, तो यात येत नाही. अंगावर आलेला वार अडवायला ज्यानं हात उचलला, त्याला स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यानं दिलेला आहे. पण घरी जाऊन दांडकं घेऊन परत आलेल्याला तो हक्क नाही. त्याच्यासाठी पुढची कलमं आहेत.

आता मिटवामिटवीचं. साधी दुखापत केल्याचा गुन्हा फिर्यादीच्या संमतीनं कोर्टात मिटवता येतो. सार्वजनिक मारामारीचा, बेकायदेशीर जमावाचा, दंग्याचा मिटवता येत नाही. हे गुन्हे एका माणसाविरुद्धचे नाहीत, सार्वजनिक शांततेविरुद्धचे आहेत. म्हणून तडजोडयोग्य गुन्ह्यांच्या यादीत ते नाहीत. देवळात बसून तुम्ही नारळ फोडा, एकमेकांना पेढे भरवा, दोन्ही बाजूंचे पुढारी गळ्यात गळे घालून फोटो काढू देत, निपाणीच्या कोर्टातला खटला तसाच चालू राहतो. तो रद्द करून घ्यायचा तर धारवाडच्या खंडपीठात उच्च न्यायालयापुढे जावं लागतं आणि तिथंही दोन घरांतला वाद आणि जमावाचा दंगा यांत फरक केला जातो. पंचांनी ‘आम्ही मिटवलंय’ असं पोरांना सांगून निर्धास्त करणं थांबवावं. तुम्ही मिटवू शकत नाही, मग तसा शब्द देता कशाला?

आता या लेखाचा गाभा. तो पाच या आकड्याचा आहे.

पाच किंवा जास्त माणसं एकत्र आली आणि त्यांचं समान उद्दिष्ट बळजबरीचं, नासधुशीचं, कुणाला धाकानं काही करायला लावण्याचं किंवा सरकारी अंमलदाराला बळानं दडपण्याचं असलं, की कलम १८९ प्रमाणे तो बेकायदेशीर जमाव झाला. अजून कुणी कुणाला हातही लावलेला नाही. तरी नुसतं त्या जमावात सामील असण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. हातात जीवघेणं हत्यार असेल तर दोन वर्षांपर्यंत. पोलिसांनी ‘पांगा’ असा हुकूम दिल्यावरही थांबलात तरी दोन वर्षांपर्यंत. आणि त्या जमावातल्या एकानं, फक्त एकानं, समान उद्दिष्टासाठी बळ वापरलं की कलम १९१ प्रमाणे तो दंगा होतो. त्या दंग्याचा दोषी एकटा दगड मारणारा नसतो, जमावातला प्रत्येक सदस्य असतो. दोन वर्षांपर्यंत शिक्षा. दंग्यात ज्याच्या हातात हत्यार असेल, त्याला पाच वर्षांपर्यंत. जुन्या कायद्यात ही तीन वर्षं होती. नव्यात वाढवली आहेत.

आणि या दोन कलमांच्या मधे कलम १९० बसलेलं आहे. जुनं एकशे एकोणपन्नास. जमावाच्या समान उद्दिष्टासाठी एका सदस्यानं जो गुन्हा केला, किंवा असं काहीतरी होणार हे ज्यांना माहीत होतं, त्या प्रत्येकावर तोच गुन्हा. तुम्ही पाच जण दोन मोटारसायकलींवर गेलात. तिघं शिव्या देत होते, एक जण मोबाइलवर शूटिंग करत होता, पाचव्यानं रॉड डोक्यात घातला आणि समोरचा मेला. खुनाच्या खटल्यात पाची जण. प्रत्येकानं स्वतः वार केला होता हे सिद्ध करावंच लागतं असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९६४ साली मसालती खटल्यात सांगून ठेवलंय. तेव्हा तुमच्यातल्या कुणी जन्म घेतला नव्हता, आणि कायदा तेव्हापासून असाच आहे.

मी प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो, कारण अर्धा कायदा सांगून घाबरवणं मला नको आहे. नुसता बघ्या हा जमावाचा सदस्य नसतो. रस्त्यानं जाताना थांबलेला दुधाचा गवळी, उसाच्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, दुकानाचं शटर ओढणारा दुकानदार, यांना कायदा दोषी धरत नाही. न्यायालयांनी मोठ्या जमावाच्या प्रकरणांत हे वारंवार बजावलंय. पण तू बघ्या होतास की पाचवा होतास, हे ठरतं ते खटला उभा राहिल्यावर, साक्षीदार तपासल्यावर. तोवर जामीन, तारखा, बुडालेली रोजंदारी. निर्दोष सुटलेल्या माणसाला ती वर्षं कुणी परत देत नाही. म्हणून गर्दी तापायला लागली की तिथून निघा. मागे उभं राहून बघणं हा भित्रेपणाही नाही आणि शौर्यही नाही, तो फक्त धोका आहे.

आणखी एक गोष्ट पुढाऱ्यांनी मुद्दाम सांगितलेली नसते. सकाळी निवेदन द्यायला निघालेला जमाव पूर्ण कायदेशीर असू शकतो आणि दुपारी तोच बेकायदेशीर होऊ शकतो. संहितेतच तसं स्पष्ट लिहिलंय. ‘आम्ही तर शांततेत निघालो होतो’ हे दुपारी तीनच्या दगडाला उत्तर होत नाही. दगड उचलला गेला त्या क्षणी तुम्ही काय केलंत, एवढंच विचारलं जातं.

सीमेवर राहणाऱ्यांची एक खास गैरसमजूत आहे. इकडं केलं तर पूल ओलांडून कागलला जायचं, तिकडं केलं तर पळून कोगनोळीत यायचं. राज्य बदललं की पोलीस बदलले, मग कोण विचारतो? दोन्ही काठांवर आज एकच भारतीय न्याय संहिता आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४५ प्रमाणे, ज्याला वॉरंटाशिवाय अटक करता येते त्याचा पाठलाग करत पोलीस अधिकारी भारतात कुठेही जाऊ शकतो. दूधगंगेचा पूल त्याला आडवा येत नाही. आणि कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुणाच्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते. ती झिरो एफआयआर म्हणून नोंदवून संबंधित ठाण्याकडे पाठवली जाते. मार खाल्लेल्या माणसाला ‘ही हद्द आमची नाही, पलीकडं जा’ म्हणून हाकलता येत नाही. हे कलम तोंडपाठ करा. मारणाऱ्यांनीही करा आणि मार खाणाऱ्यांनी तर कराच.

पुराव्याचं म्हणाल, तर ज्या नाक्यावर तुम्ही जमता तिथं राष्ट्रीय महामार्गाचा टोल आहे. तिथं कॅमेरे आहेत आणि टोल भरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीची फास्टॅगवर वेळेसकट नोंद होते. गाडीचा क्रमांक, तुमच्या मोबाइलचं टॉवर लोकेशन, तुम्हीच फुशारकीनं टाकलेलं रील, हे सगळं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्रासह कोर्टात पुरावा म्हणून येतं. साक्षीदार फितवता येतील. तुमच्या स्वतःच्या व्हिडिओला कसं फितवणार?

स्टेटस टाकणाऱ्यांनो, तुम्ही हात उचलत नाही म्हणून सुटलात असं समजू नका. ठार मारण्याची किंवा जबर दुखापतीची धमकी दिली तर कलम ३५१ खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे. भाषा, जन्मस्थान, रहिवास, धर्म यांवरून दोन गटांत शत्रुत्व पसरवलं तर कलम १९६, तीन वर्षांपर्यंत, आणि हा गुन्हा जामीनपात्र नाही. दंगा व्हावा म्हणून मुद्दाम डिवचलं तर कलम १९२. दंगा झाला तर एक वर्षापर्यंत आणि झाला नाही तरी सहा महिन्यांपर्यंत. ‘काहीच तर झालं नाही’ ही पळवाट इथं बंद केलेली आहे. अफवा पसरवण्याला वेगळं कलम आहे, ३५३.

फोनवरच्या एका ओळीतून काय होतं ते बघायला लांब जायला नको. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात आक्षेपार्ह स्टेटसवरून वातावरण पेटलं, ७ जूनला शहरात जमाव उतरला, दगडफेक झाली, लाठीमार झाला आणि जिल्ह्यातलं इंटरनेट बंद करावं लागलं. पुढच्या वर्षी १४ जुलैला विशाळगडाच्या वाटेवरच्या गजापुरात जमाव घुसला. राग गडावरच्या अतिक्रमणाचा होता आणि फुटली ती गजापुरातली घरं, ज्यांचा त्या अतिक्रमणाशी संबंध नव्हता. नवी संहिता लागू होऊन तेव्हा दोन आठवडे झाले होते. शेकडो जणांवर गुन्हे दाखल झाले. त्यातले किती जण घरातून निघताना ‘घर फोडायला चाललोय’ असं ठरवून निघाले असतील? फार थोडे. बाकीचे कुणीतरी निघालं म्हणून निघाले, आणि आता आरोपी क्रमांक अमुक तमुक आहेत.

आपल्या सीमाभागाचं चित्र वेगळं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये बेळगावच्या अनगोळात संगोळी रायण्णांच्या पुतळ्याची नासधूस झाली, सरकारी वाहनांवर दगडफेक झाली, मग अटकसत्र सुरू झालं आणि मराठी तरुण हिंडलग्याच्या तुरुंगात गेले. पुढच्या वर्षी ६ डिसेंबरला हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले आणि त्याचा सूड म्हणून पुण्यात कर्नाटकाच्या बसना काळं फासलं गेलं. १९ डिसेंबरला बेळगावातल्या मराठी भाषिकांच्या महामेळाव्याला परवानगी नाकारली गेली आणि कोल्हापूरकडून निघालेले नेते-कार्यकर्ते इथंच, कोगनोळीच्या नाक्यावर, पोलिसांच्या बंदोबस्तानं अडवले. त्या दिवशी इथं घोषणा झाल्या, अडवाअडवी झाली आणि लोक परत गेले. तेवढं शहाणपण त्या दिवशी होतं, हे मी नोंदवतो. २१ फेब्रुवारी २०२५ ला बेळगावजवळ बसमधल्या वादात वाहकाला मारहाण झाली, लगोलग चित्रदुर्गजवळ महाराष्ट्राच्या एसटी चालकाच्या तोंडाला काळं फासलं गेलं आणि दोन्ही राज्यांच्या बसगाड्या थांबल्या.

बस थांबली की कोण थांबतं? कागलच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारा कोगनोळीचा माणूस थांबतो. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात डायलिसिसला निघालेली म्हातारी थांबते. कॉलेजची पोर सीमेवर उतरून सामानासकट पलीकडची वडाप शोधते. त्या वाहकाचा आणि त्या चालकाचा सीमाप्रश्नाशी काय संबंध होता? दोघंही पगारावर बसमध्ये काम करणारे, टिफिन घेऊन घरातून निघालेले. पाच जणांनी मिळून एकट्या माणसाला त्याच्या भाषेवरून घेरण्यात कसलाही अभिमान नाही. मराठी माणसानं घेरलं तरी नाही, कन्नड माणसानं घेरलं तरी नाही. आणि कायदा आता हे नाव घेऊन सांगतो. पाच किंवा जास्त जणांच्या टोळक्यानं भाषा, जात, जन्मस्थान अशा कारणावरून कुणाला जबर जखमी केलं तर प्रत्येकाला सात वर्षांपर्यंत. ठार केलं तर कलम १०३ चं दुसरं पोटकलम, प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप. यापेक्षा खालची शिक्षा तिथं लिहिलेलीच नाही. १८६० च्या कायद्यात हे कलम नव्हतं. हे तुमच्यासारख्यांसाठी नव्यानं लिहिलंय.

बसची काच फोडणाऱ्यासाठीही ऐकून ठेवा. सार्वजनिक वाहतुकीच्या साधनाचं नुकसान केलं तर १९८४ च्या सार्वजनिक मालमत्ता कायद्यात किमान सहा महिने सक्तमजुरी आहे आणि जास्तीत जास्त पाच वर्षं. जाळपोळ केली तर दहा वर्षांपर्यंत.

इंग्लंडमध्ये तर असल्या गुन्ह्याला तिघंच पुरतात. तिथल्या १९८६ च्या कायद्यात तीन माणसांनी एकत्र हिंसा केली किंवा हिंसेची धमकी दिली तर पाच वर्षांपर्यंत कैद आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथं दंगे उसळले तेव्हा दंगेखोर आठवड्याभरात शिक्षा होऊन तुरुंगात जाऊ लागले, आणि त्यांच्याबरोबर घरात बसून चिथावणीच्या पोस्ट टाकणारेही गेले. आपल्याकडे खटले लांबतात. त्याला सवलत समजू नका. लांबलेला खटला हीच इथं पहिली शिक्षा असते आणि ती निर्दोष माणसालाही भोगावी लागते.

ती शिक्षा म्हणजे नेमकं काय, ते पहाटे पळणाऱ्या पोरांनी ऐकावं. या रस्त्याच्या कडेनं अंधारात भरतीसाठी धावणारी तुमच्यातली कितीतरी पोरं मी ओळखतो. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे आणि या भागातल्या घराघरांत फौजेचा माणूस आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजनेवरून देशभर जाळपोळ झाली, तेव्हा लष्कराच्या वतीनं जाहीरपणे सांगितलं गेलं की जाळपोळीत आपण नव्हतो असं प्रत्येक उमेदवारानं लिहून द्यायचं आणि पोलीस पडताळणीशिवाय कुणालाही घेतलं जाणार नाही. तुझ्या छातीचं माप बसेल, सोळाशे मीटर तू वेळेत पळशील, आणि पडताळणीच्या कागदावर ‘दंग्याचा गुन्हा प्रलंबित’ असं लिहून येईल. ज्यानं तुला त्या दिवशी फोन करून बोलावलं होतं, तो तेव्हा तुझा फोन उचलणार नाही. पासपोर्टचं तेच. सरकारी नोकरीचं तेच. आणि कर्नाटकात पोलिसांकडे रावडी शीट असते. तिच्यात एकदा नाव गेलं की प्रत्येक निवडणूक, प्रत्येक मिरवणूक, प्रत्येक अधिवेशनाच्या आधी ठाण्यावर बोलावणं येतं.

त्यात आपल्या माणसाचं आणखी एक दुखणं आहे. इथं फिर्याद, पंचनामा, जबाब, दोषारोपपत्र सगळं कन्नडमध्ये लिहिलं जातं. मराठी शाळेत शिकलेलं पोर काय लिहिलंय ते न वाचता सही करून मोकळं होतं. कोर्टात साक्ष आरोपीला समजेल अशा भाषेत सांगावी लागते, तो हक्क मागून घ्या. पण ठाण्यातल्या पहिल्या रात्री तो हक्क सांगायला शेजारी कुणी नसतं.

आता फोन करणाऱ्यांकडे वळतो. तुम्ही स्वतः कधी पुढं नसता. तुम्ही गाडी देता, डिझेल देता, जेवण देता, दांडकी कुणाच्या तरी शेतघरात आदल्या रात्री ठेवता आणि दुसऱ्या दिवशी पांढरे कपडे घालून ‘तरुणांच्या भावना अनावर झाल्या’ असं सांगता. कलम १८९ मधेच तुमच्यासाठी जागा आहे. बेकायदेशीर जमावासाठी माणसं भाड्यानं आणणारा, गुंतवणारा, त्याकडे डोळेझाक करणारा हा जमावाच्या सदस्याइतकाच दोषी. त्या माणसांनी पुढं जो गुन्हा केला, त्यालाही. अशा माणसांना आसरा दिला तर सहा महिन्यांपर्यंत. ज्याच्या जागेत असा जमाव भरतो आणि जो माहीत असून पोलिसांना कळवत नाही, तो शेतमालकही दंडाला पात्र. तुमचा मुलगा पुण्यात शिकतोय आणि दुसऱ्याचा मुलगा नाक्यावर उभा आहे, एवढं गावाला दिसत नाही असं समजू नका.

आणि लढ्याचा वारसा मला सांगू नका. याच महामार्गावर, इथून काही कोसांवर निपाणीत, १४ मार्च १९८१ पासून तंबाखू शेतकरी शरद जोशींच्या हाकेवर रस्त्यात बसले. हजारोंच्या संख्येनं, बायकापोरांसह, उन्हात, तीन आठवड्यांहून जास्त. त्यांच्याकडे संख्या होती, राग होता, आणि मागणीही न्याय्य होती. तरी त्यांची ताकद बसण्यात होती. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि बारा शेतकरी गेले. त्यांचं नाव हा सगळा भाग आजही आदरानं घेतो. एकट्या ड्रायव्हरला खाली ओढून मारणाऱ्यानं त्यांच्या रांगेत उभं राहायचा प्रयत्न करू नये. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्रानं २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलाय. तिथं आपली बाजू कागदांवर उभी आहे. टोलनाक्यावर फोडलेल्या प्रत्येक काचेचा फोटो विरुद्ध बाजूला वापरता येतो.

पोलिसांनाही सांगायचं आहे, दोन्ही राज्यांच्या. मार खाणारा आणि मारणारा दोघांना एकाच दोरीत बांधून ‘दोन्ही गटांत मारामारी’ असा सोपा कागद तयार करू नका. कोण टोळक्यानं आला आणि कोण एकटा होता, हे कॅमेऱ्यात दिसतं, ते बघा. माणसाची भाषा बघून कलम जड किंवा हलकं करू नका. झिरो एफआयआर नाकारू नका. जमावबंदीचा आदेश काढायचा असेल तर तो मराठीतही लावा, म्हणजे तो मोडणाऱ्याला कळलं नाही म्हणता येणार नाही. आणि कुणाची दंगा करण्याची तयारी आगाऊ कळली, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ प्रमाणे त्याच्याकडून शांतता राखण्याचा बाँड घ्यायला तहसीलदारांपुढे प्रस्ताव पाठवा. दगड पडेपर्यंत थांबून मग पन्नास पोरं उचलण्यापेक्षा पाच चिथावणीखोरांना वर्षभराच्या बाँडमध्ये बांधणं तुमच्या हातात आहे.

अप्पाचीवाडी-कुर्लीच्या हालसिद्धनाथाच्या यात्रेला दोन्ही राज्यांतून माणूस येतो, भाकणूक ऐकायला शेजारी शेजारी बसतो, तेव्हा कुणी कुणाची भाषा विचारत नाही. या पट्ट्यात कन्नड बोलणारी मावशी आणि मराठी बोलणारी सून एका घरात राहतात. ही माणसं तुमच्या राड्यासाठी आपला रस्ता, आपली बस, आपली यात्रा सोडून देणार नाहीत.

म्हणून ३१ ऑक्टोबरपर्यंत. गाडीतली, शेतघरातली, तालमीच्या माळ्यावरची हत्यारं बाहेर काढून टाका. धमकीची स्टेटसं पुसा, ग्रुपवर कुणी ‘या रे सगळे’ असं टाकलं तर ‘मी येणार नाही’ असं त्याच ग्रुपवर लिहा आणि बाहेर पडा. तो मेसेज उद्या तुझ्याच उपयोगी पडेल. ज्यांना निषेध करायचाय त्यांनी रीतसर परवानगी मागावी. मिळाली नाही तर वकील म्हणून मी एक पैसा न घेता धारवाडला तुमच्या बाजूनं उभा राहीन. ज्यांनी पोरांना बोलावलंय त्यांनी पोरांच्या घरी जाऊन, आईबापांसमोर, बोलावणं मागं घ्यावं.

मुदत संपल्यावर काय, तेही ऐका. १ नोव्हेंबरला सकाळपासून मी स्वतः कोगनोळीच्या नाक्यावर उभा असेन, आणि गावातले आणखी काही जण माझ्यासोबत असतील. दांडकं घेऊन कोण आलं, कोणत्या गाडीतून आलं, गाडी कुणाची, कुणाच्या सांगण्यावरून आलं, हे आम्ही लिहून घेऊ आणि निपाणी ग्रामीण व कागल, दोन्ही ठाण्यांत लेखी देऊ. तो आपला की परका हे बघणार नाही. ज्या प्रकरणात वकिलाला साक्ष द्यायची असते, त्यात त्याला वकीलपत्र घेता येत नाही, असा आमच्या व्यवसायाचा नियम आहे. तेव्हा २ नोव्हेंबरला जामिनासाठी माझ्या दारात येऊ नका. माझं नाव तुम्हाला दोषारोपपत्रातल्या साक्षीदारांच्या यादीत सापडेल.